मासीच्या दाखल्यातला एक शब्द

महिन्याभरापूर्वी आशागडच्या फोटो स्टुडिओत एक गंमत झाली. गोहरमासी स्टुलावर ताठ बसल्या, फोटो निघाला, आणि कॉम्प्युटरवर पाहतो तर त्यांचा नुसता चेहराच हवेत तरंगतोय... मागचा पडदा पांढरा आणि मासींच्या डोक्याला बांधलेला रुमालही पांढराच!

"मासी, तुमचं डोकं गेलं कुठे?" स्टुडिओवाले दादा म्हणाले.

"ते तर लग्न केलं तेव्हाच गेलं, दीकरा. तू फोटो काढ."

शेवटी माझी मरून रंगाची ओढणी त्यांच्या डोक्याला बांधली, तेव्हा कुठे दादांना फोटो पसंत पडला.

गोहरमासी म्हणजे आमच्या शेजारच्या चिकूच्या वाडीच्या मालकीण. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन त्या इराणहून कोसबाडजवळच्या आमच्या गावात आल्या, त्याला आता त्रेपन्न वर्षं झाली. पासपोर्ट मात्र अजून इराणचाच. 'चिकूची तोडणी आटोपली की नागरिकत्वाचा अर्ज करू,' असं त्यांचे यजमान म्हणत राहिले... आणि चिकूची तोडणी तर आमच्याकडे वर्षभर चालते. यजमान गेले, अर्ज राहूनच गेला.

त्यामुळे इथे राहायचं तर परदेशी रहिवाशाचा फोटोसहित परवाना मासींना ठरावीक मुदतीने नवा करून घ्यावा लागतो. दर वेळी त्यांचा मुलगा मुंबईहून येऊन हे काम करत असे. या वेळी त्याच्या घरी बाळंतपण होतं, आणि अर्जही आता ऑनलाइन झालेला. मासींनी मला बोलावून घेतलं.

"दहावीला तालुक्यात पहिली आली ना तू? मग एक फॉर्म नाही भरता येणार?"

निबंध लिहायला सांगितला असता तर मी आनंदाने पाच पानं लिहिली असती. पण माझं सारं शिक्षण मराठी माध्यमातलं... त्या इंग्रजी फॉर्मपुढे मी शब्दकोश घेऊन दोन दिवस बसले. माझ्या एखाद्या चुकीमुळे परवाना अडला आणि मासींना कुणी 'आता तुमच्या देशात जा' म्हटलं तर, हा विचार काही पाठ सोडेना. शुक्रवारी मुदत संपत होती.

राहण्याच्या पुराव्याशी गाडी अडली. विजेचं बिल अजून यजमानांच्याच नावावर, म्हणून पोलीस पाटलांचा दाखला जोडा असं आम्हाला सांगण्यात आलं. आमचे पोलीस पाटील काका अतिशय तत्पर. मासींनी सकाळी निरोप दिला, दुपारी दाखला घरपोच!

गुरुवारी तो अपलोड करण्यापूर्वी मी एकदा वाचून पाहिला. 'सदर महिला जन्मापासून या गावच्या रहिवासी असून...' असं त्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. पासपोर्टवर जन्मस्थान इराणमधलं, आणि त्याला हा दाखला जोडायचा... दोन्ही कागद एकमेकांना खोटं पाडणारे.

काका तोवर भाचीच्या साखरपुड्यासाठी तलासरीला गेले होते. मासी फक्त "चल" म्हणाल्या आणि आम्ही एसटीने तलासरी गाठली.

चारचौघांत बोलणं मला कधीच जमलेलं नाही. वाटेत मी तीन वाक्यं मनात तयार केली होती. मांडवात काका समोर आले तेव्हा त्यातलं एकही आठवेना. दाखला पुढे धरून मी एवढंच म्हणाले, "काका, हे... इथे चुकलंय."

"चुकलं नाही, मुद्दाम लिहिलंय," काका म्हणाले. त्यांच्या आवाजाने शेजारची माणसं वळून पाहू लागली. "परदेशी लिहिलं आणि साहेबाने उद्या हिला घालवून दिलं तर? आमच्या घरच्या तीन बाळंतिणी हिच्या जीपमधून दवाखान्यात गेल्या. ही कुठली परदेशी?"

उत्तर मासींनी दिलं, हातातली जिलेबीची बशी बाजूला न ठेवताच.

"अरे वेड्या, खरं आहे ते लिही. मी परदेशी आहे असं तू लिहिशील, तर ते मला इथे राहू देतील. तुझ्या या मायेपायीच जायची वेळ येईल माझ्यावर."

काकांनी माझ्याकडून कोरा कागद घेतला, 'सदर महिला' एवढं लिहिलं... आणि पेन माझ्या हातात दिलं.

"तुझं अक्षर चांगलं आहे. तो शब्द तू लिही. खाली सही मी करतो."

मी 'परदेशी' असं लिहिलं. चार अक्षरांना इतका वेळ मला कुठल्याच परीक्षेत लागला नव्हता. मासी शेजारी बसून जिलेबी खात होत्या. पुढचा सगळा मजकूर काकांनी स्वतः लिहिला, 'त्रेपन्न वर्षांपासून गावात राहतात' या शब्दांखाली दोनदा रेघ ओढली आणि पिशवीतून शिक्का काढला. साखरपुड्यालाही ते शिक्का घेऊन जातात, म्हणून आमचं काम झालं!

परवा परवाना मंजूर होऊन आला. डहाणूला जाऊन मी प्रिंट काढली आणि वाडीत नेऊन मासींना वाचून दाखवली... नाव, राष्ट्रीयत्व, मुदत. राष्ट्रीयत्वाच्या ओळीला माझा आवाज आपोआप खाली आला. मासींचं तिकडे लक्ष नव्हतं, त्या फोटोतली माझी ओढणी निरखत होत्या. मग पत्ता आला. घर, वाडी, आमचं गाव, तालुका डहाणू.

"हे परत वाच," मासी म्हणाल्या.

मी परत वाचलं. या वेळी मोठ्याने.