बारदाना वजा न करता

माझा मेहुणा चंद्रभान दर्यापूरच्या धान्यबाजारात मापारी आहे. सव्वीस वर्षं झाली, शेतकऱ्यांचं सोयाबीन, तूर, हरभरा काट्यावर लावायचा आणि वजन मोठ्यानं पुकारायचं, हे त्याचं काम. आवाज असा, की पार फाटकापर्यंत ऐकू जातो. त्याची एक रीत आहे. वजन पुकारलं, की तो शेतकऱ्याकडे बघतो. शेतकरी 'बराबर' म्हणाला, की मगच पोतं काट्यावरून उतरतं. व्यापारी ओरडू दे, हमाल खोळंबू दे, तो हलत नाही. पोत्याचं, म्हणजे बारदान्याचं, वजन वजा करतानाही कुणाला पन्नास ग्रॅमला फसवणार नाही. असा हा सरळ माणूस स्वतःचं वजन करताना मात्र चोर निघाला, आणि मी त्याच्यावर चिडलो तो त्यामुळेच.

सांगायचं तर वच्छलापासून सांगावं लागेल. वच्छला माझी बायको, चंद्रभानची मोठी बहीण. आठ वर्षांनी मोठी. आई मजुरीला जायची तेव्हा हिनंच त्याला कडेवर घेऊन वाढवला. तो तिला अजून 'बाई' म्हणतो. दोन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. आम्ही अकोल्याला राहतो. सोमवारी आणि गुरुवारी तिला डायलिसिसला न्यायचं, चार तास बाहेर बाकावर बसायचं, आणि थकलेल्या बायकोला ऑटोत घालून घरी आणायचं. दिवसाला पाणी मोजून तीन ग्लास. टमाटं नाही, केळ नाही, संत्र्याचं तर नावच काढायचं नाही.

किडनी द्यायला सगळ्यात आधी मीच गेलो होतो. वीज मंडळात तीस वर्षं खांबावर चढलेला माणूस मी, मला वाटलं आपण धडधाकट. डॉक्टरांनी शुगरचे जुने कागद पाहिले आणि पाच मिनिटांत बाहेर काढलं. मुलीचा, प्रणालीचा, रक्तगट जुळेना. मग एका रविवारी चंद्रभान न सांगता आला, चपला दारात काढल्या आणि म्हणाला, "भाऊजी, बाईले माझी देऊ. मले एकीवर भागते."

सगळं जुळलं. अडलं ते वजनावर. अमरावतीच्या डॉक्टरांनी त्याला काट्यावर उभं केलं, तर एकशे सहा किलो. ते म्हणाले, इतक्या वजनाच्या माणसाची किडनी काढली तर त्यालाच पुढे त्रास व्हायचा. नव्वदच्या खाली या, मग बोलू. हे दसऱ्याच्या आठवड्यातलं.

आता चंद्रभानचं खाणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. लग्नात पंगत बसली, की वाढपी त्याच्यासमोर भांडं ठेवूनच पुढे जायचे. त्याच्या सासरी जावयाचा पाहुणचार हा सगळ्या गल्लीचा विषय. आणि तो खायचा ते हावरटासारखं नाही, मन लावून खायचा. वाढणारीला बरं वाटावं असं. त्याला खाताना बघून मलाच भूक लागायची. त्या माणसानं रात्रीची एक भाकरी धरली, चहातली साखर सोडली, पहाटे अकोट रोडनं चालायला लागला. दर रविवारी बाजारातल्या काट्यावर उभा राहून मला फोन करायचा. "भाऊजी, एकशे तीन." "भाऊजी, शंभरावर आलो." माघ लागला तेव्हा आकडा सत्त्याण्णव होता. मी वच्छलाला बातमी द्यायचो, आणि ती त्या दिवशी दोन घास जास्त जेवायची.

मग अमरावतीला तपासणीला गेलो. तिथला काटा म्हणाला, शंभर किलो चारशे ग्रॅम.

मला वाटलं काटा बिघडला. चंद्रभान मान खाली घालून उभा. बाहेर आल्यावर मी विचारलं तेव्हा कळलं. साहेब दर रविवारी काट्यावर उभे राहिले, की सवयीनं वजा करत होते. कपड्यांचा एक किलो. चपला, चाव्या, मोबाईल मिळून आणखी एक. आणि सकाळचं पाणी प्यायलेलं असायचं, म्हणून ओलाव्याचे दीड.

"बारदाना तं वजा करतच असतो न भाऊजी," तो म्हणाला.

"अरे, तू काय तूर हायेस का?" मी दवाखान्याच्या दारातच ओरडलो. "लोकायचं पन्नास ग्रॅम चुकू देत नाहीस, अन् इथं माझ्या बायकोच्या जिवाशी साडेतीन किलोचा खोटेपणा?"

बसमध्ये तो दुसऱ्या सीटवर जाऊन बसला. मला तेव्हा वाईट वाटलं नाही. आज वाटतं.

त्यानंतर त्यानं खरोखर जोर लावला. चैत्र येईपर्यंत शहाण्णव. या वेळी खरे शहाण्णव, त्याच्या बायकोनं समोर उभं राहून पाहिलेले. आणि मग हनुमान जयंतीला त्याच्या साळ्याच्या शेतात रोडगे निघाले. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वर तुपाची धार, आणि चुलीवरची वांग्याची भाजी. नवसाचा स्वयंपाक, नाही म्हणायची सोय नाही. चंद्रभाननं एक खायचा ठरवला आणि पाच खाल्ले.

पाच खाल्ले त्याचं काही नाही. पुढे जे झालं ते वाईट. दुसऱ्या दिवशी तो चालायला गेला नाही. मोडलंच आता, असं म्हणून संध्याकाळी बाजारातल्या इनायतुल्लाच्या हॉटेलात दोन कचोऱ्या खाल्ल्या. तिसऱ्या दिवशी तीन. रविवारचा फोन आला नाही. पुढचाही नाही. मी केला तर उचलेना. तीन आठवड्यांनी त्याच्या बायकोनं चोरून फोन करून मला सांगितलं, की हे पुन्हा शंभरावर गेले आहेत आणि म्हणतात, माझ्याच्यानं होत नाही, बाईले कोणत्या तोंडानं सांगू.

मी चपला घालायलाच उठलो. त्याला चार शब्द असे सुनावणार होतो, की जन्मभर लक्षात राहिले असते. वच्छला म्हणाली, "थांबा, मी बी येते." मी नको म्हणालो, ऊन होतं, बसचा प्रवास होता. ती ऐकेना. शुक्रवार होता, आदल्या दिवशीच डायलिसिस झालेलं, म्हणून नेली.

चंद्रभान घरी ओसरीवर बसला होता. बाईला बघून उठला आणि आत जायला निघाला. तिनं हाताला धरून खाली बसवला. मी तोंड उघडणार, तर तिनं मलाच हातानं गप्प केलं.

"चंदू," ती म्हणाली, "तुले एक गोष्ट सांगते. यायले बी मालूम नाही."

मी चमकलो. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, मला माहीत नाही असं काय?

"मागच्या महिन्यात चांदूर बाजारहून संत्र्याची थैली आली होती. यायनं शेजारी वाटून टाकली. दोन संत्री मी फडक्यात दडवली. हे दुपारी झोपले, अन् मी न्हाणीत बसून खाल्ली. दोन्ही. साली बी चोखल्या."

डॉक्टरांनी किती वेळा बजावलं होतं, संत्र्यानं हिचं हृदय बंद पडू शकतं.

"रातभर छाती धडधड करे. यायले उठवलं नाही, भेव वाटला. सकाळी डायलिसिसवर रक्त तपासलं तं मशीनवाली पोरगी लय बोलली. मी रडली. मले वाटलं, आता कायले मशीनवर पडाचं, कायले सुया टोचून घ्याच्या. पण गुरुवार आला. गेली."

चंद्रभान पायाच्या अंगठ्याकडे बघत होता.

"तुह्या बाजारात मापात एक पोतं ओलं निघालं, तं तू काय करतं?" तिनं विचारलं. "अख्खा ढीग वापस धाडतं?"

"नाही," तो हळूच म्हणाला. "त्याले बाजूले ठेवतो. पुढचं लावतो."

"मंग?"

तो रडायला लागला. सत्तेचाळीस वर्षांचा, शंभर किलोचा माणूस, बहिणीच्या मांडीवर डोकं ठेवून. ती त्याच्या पाठीवर थापट्या मारत होती, तिच्या हाताला डायलिसिसची पट्टी तशीच होती.

मी अंगणात जाऊन उभा राहिलो. मला माझीच लाज वाटत होती. चंद्रभाननं पाच रोडगे खाल्ले म्हणून मी तणतणत आलो होतो. मी काय केलं होतं? पंधरा वर्षं शुगर अंगावर काढली. लाईनवर असताना चहाला चार चमचे साखर, कुणाकडे सत्यनारायण असला की प्रसादाची वाटी दोनदा, आणि बायको रागावली की म्हणायचं, मोडलंय तर मोडलंय, सोमवारपासून बघू. तो सोमवार कधी आला नाही. आला असता, तर आज मेहुण्याच्या वजनावर डोळे लावून बसलो नसतो. माझी स्वतःची किडनी दिली असती मी माझ्या बायकोला. चिडत होतो त्याच्यावर, आणि चीड होती ती माझी मलाच.

त्या रविवारी फोन आला. पण आता फोनची तऱ्हा बदलली. आधी वजन, मग गुन्हा. "भाऊजी, नव्याण्णव पाचशे. बुधवारी पोराच्या वाढदिवसाले केक खाल्ला, मोठा तुकडा. गुरुवारी चाललो." "सत्त्याण्णव. काल इनायतुल्लानं ईदचा शीरखुर्मा पाजला, दोन वाट्या. आज चालून राहिलो, म्हणून दम लागते." एखाद्या आठवड्यात आकडा वरही जायचा. तोही सांगायचा, आवाज पडायचा, पण सांगायचा. आणि मग मी माझं सांगायला लागलो. "चंद्रभान, आज दोन पेढे खाल्ले." पलीकडून तो म्हणायचा, "उद्याचं बोला भाऊजी." दोघं म्हातारपणाकडे झुकलेले बाप्ये, रविवारी सकाळी एकमेकांना खाल्लेलं सांगतोय. वच्छला ऐकायची आणि हसायची. माझीही शुगर उतरली, आता त्याचा उपयोग नव्हता, पण उतरली.

श्रावणात तो त्र्याण्णववर अडकला. पाच आठवडे काटा हलेना. इकडे वच्छलाच्या पायांवर सूज राहायला लागली, डॉक्टर म्हणायला लागले की फार लांबवू नका. पाचव्या रविवारी मी आवाज शक्य तेवढा साधा ठेवून विचारलं, काय मग? तो म्हणाला, "त्र्याण्णवच हाये. चाललो पण." मला त्या दिवशी त्याचा जितका अभिमान वाटला, तितका आकडा उतरला त्या कुठल्याच दिवशी वाटला नाही.

दसऱ्याच्या आधी अमरावतीला बोलावलं. बाहेरच्या बाकावर वच्छला पदर घट्ट धरून बसली होती. मी चंद्रभानबरोबर आत गेलो. तुबा नावाची तरुण नर्स होती. तिनं काट्याकडे बोट दाखवलं.

"काका, चप्पल काढा. खिशातलं सामान टेबलवर ठेवा."

चंद्रभान उभा राहिला. खिशात चाव्या होत्या, मोबाईल होता, पायात त्याच्या जाड चामडी चपला होत्या.

"राहू द्या सिस्टर," तो म्हणाला. "हाये ते सगळं मोजा. मले काही वजा करू नका."

"अहो, जास्त भरेल ना."

"भरू द्या."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? चपलांचे पाचशे-सातशे ग्रॅम होते, आणि मला माझ्या बायकोसाठी एकेक ग्रॅम हवा होता. ओठांवर आलं होतं, अरे काढ ना बाबा. पण मी गप्प राहिलो.

तो काट्यावर चढला. आकडे वरखाली झाले आणि थांबले. नर्सला बाजूनं दिसत नव्हतं, ती म्हणाली, काका, किती आहे वाचा. सव्वीस वर्षं वजन पुकारणारा माणूस, त्याचं तोंड उघडलं आणि आवाजच निघेना. मी खांद्यावरून वाकून पाहिलं. आणि दवाखाना आहे, लोक आहेत, याचं मला काही भान राहिलं नाही. बाहेरच्या बाकापर्यंत जाईल असं मीच पुकारलं, "एकोणनव्वद, आठशे!"

चंद्रभान काट्यावर तसाच उभा, दाराकडे बघत, उतरायला तयार नाही. नर्स म्हणाली, झालं काका, उतरा. तो हलेना.

मग बाहेरून वच्छलाचा आवाज आला, बारीक, पण स्वच्छ.

"बराबर."

तेव्हा तो उतरला.