एक्सलवरची ट्यूबची पट्टी

मागच्या हिवाळ्यात गाडी पुसताना पुढच्या डाव्या चाकाच्या आत काळं, चिकट काहीतरी लागलेलं दिसलं. रिमला आतून गोल रेघ ओढावी तसं. दोन दिवसांनी आईला डोळ्याच्या इंजेक्शनसाठी परभणीला न्यायचं होतं. तिला बसमधून नेणं आता होत नाही, आणि गाडी रस्त्यात दगा देणार असेल तर ते मला आधीच कळायला हवं होतं. म्हणून तसाच पाथरीतल्या माझ्या नेहमीच्या मेकॅनिककडे गेलो. दिवाळीआधी ब्रेकचं काम त्यानंच केलं होतं. त्यानंच काहीतरी ढिलं ठेवलं असणार, असं मी वाटेतच ठरवून टाकलं होतं, आणि गेल्या गेल्या तसं बोललोही.

"सर, आधी रोग तर बघू द्या, मग डॉक्टरला शिव्या द्या," तो म्हणाला.

त्यानं स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घ्यायला लावली. चाकातून कट कट असा आवाज आला. मग चाकामागचं काळं त्यानं दोन बोटांत चोळून माझ्यासमोर धरलं. "पातळ असतं तर गिअरचं ऑइल म्हणलो असतो. हे घट्ट हाय, ग्रीस. आन् गोल उडलंय, म्हंजे फिरत्या जागेतून आलंय."

गाडी जॅकवर घेऊन तो खाली सरकला आणि हसायला लागला. "खालून कुनी ऑइल मारून आनलंय? आता सगळीच गाडी गळायलीय वाटतंय."

आमच्याकडे गाडी धुतली की गंज लागू नये म्हणून खालून जुनं ऑइल फवारतात. मी जरा अभिमानानंच सांगितलं, "धाकट्या भावानं. गाडी नेली होती, धुऊन, ऑइल मारून परत दिली."

"भाऊ लय चांगला हाय मग. आमचा तर टाकी रिकामी करून आनतो."

खरंच, त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. पुतणीच्या सोयरिकीसाठी पालमची माणसं घर बघायला येणार होती, त्यांना आणायला-सोडायला भावानं गाडी नेली होती. दुसऱ्या दिवशी ती चकाचक होऊन आली. बायकोला मी म्हणालो होतो, बघ, दुसऱ्याच्या वस्तूची किंमत कळायला लागली याला.

मेकॅनिकनं डिझेलच्या चिंधीनं सगळं पुसून घेतलं. एक्सल चाकाला मिळतो तिथं घड्याघड्यांचा एक रबरी बूट असतो. आतल्या सांध्याचं ग्रीस तो धरून ठेवतो. बूट फाटला की ग्रीस बाहेर उडतं, धूळ आत जाते आणि सांधा झिजत जातो. पुसल्यावर तो बूट दिसला, आणि त्यावर घट्ट गुंडाळलेली सायकलच्या ट्यूबची पट्टीही.

"हे कोन्या दवाखान्याचं बँडेज हाय?" म्हणत त्यानं पट्टी कापायला ब्लेड उचललं. मी म्हणालो, थांबा.

विहिरीच्या मोटारीचा पाइप गळायला लागला की आमचे वडील अशीच पट्टी बांधायचे. प्रत्येक वेढा ताणून घ्यायचा, शेवटचं टोक आधीच्या दोन वेढ्यांखाली सारायचं, वरून तार पिळायची आणि हाताला टोचू नये म्हणून तिचं टोक उलटं दाबून ठेवायचं. त्यांनी हे आम्हा दोघा भावांना शिकवलं होतं. वडील आता नाहीत. आणि ही पट्टी मी बांधलेली नव्हती.

पट्टी मी न कापता सोडवून घेतली. बुटाच्या घडीतून मेकॅनिकनं पऱ्हाटीची एक ढलपी ओढून काढली. कापूस निघाल्यावर पऱ्हाट्या तिरप्या कापतात, त्यांचे खुंट सुळ्यासारखे उभे राहतात. सोनपेठजवळ भावाचा आखाडा, म्हणजे शेतातला गोठा, आहे; तिथं गाडी न्यायची तर त्या खुंटांतूनच न्यावी लागते.

"कुनाचं काम हाय, सर?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

सांधा अजून वाचला होता. त्यानं तो धुतला, ग्रीस भरलं, नवा बूट बसवला. मी घरी न जाता सरळ सोनपेठच्या रस्त्याला लागलो. बूट फाटला याचा मला राग नव्हता. पण ते ऑइल. ते त्यानं माझ्या डोळ्यांत फवारलं होतं, आणि मी त्याचं कौतुक करत बसलो होतो.

भाऊ आखाड्यावर वैरण टाकत होता. मी ट्यूबची पट्टी त्याच्यापुढे धरली. त्यानं ती ओळखली.

"पाहुन्याला आखाडा दाखवायचा होता," तो म्हणाला. "सोनपेठला नेली होती. तिथला मेकॅनिक म्हनला, सामान परभणीहून येईल, दोन दिवस लागतील."

"मग बांधून, वरून ऑइल मारून दिलीस. त्या गाडीत आई बसते, हे ठाऊक होतं तुला."

"म्हनून तर बांधलं."

"फोन करता येत नव्हता?"

तो वैरणीची पेंढी सोडत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "दादा, गाडी परत आनली की तू चारी बाजूनं फिरून बघतूस. पाहुनं कसं होतं, जमलं का, हे तू इचारलं का त्या दिवशी?"

मी विचारलं नव्हतं. पण माझी ही चूक म्हणजे त्याला फसवायची परवानगी होती, असंही मला वाटत नाही. दोन्ही गोष्टी मनात शेजारी शेजारी बसून आहेत आणि एकीमुळे दुसरी हलकी होत नाही. मी पट्टी तिथंच टाकली आणि निघालो.

पुढे पुतणीचं जमलं. साखरपुड्याला पालमला जायचं होतं तेव्हा भावानं भाड्याची जीप सांगितली. जीपमध्ये माणसं दाटीवाटीनं कोंबून बसली होती, दोघे मागं लटकत होते. तिच्यामागे माझी गाडी. पुढे मी, शेजारी आई, मागची सीट मोकळी.

बराच वेळ पुढची जीप बघून आई म्हणाली, "लेकरं आवघडून बसल्यात तिकडं. त्यानं तुला गाडी मागितली न्हाई का रे?"

"नाही मागितली," मी म्हणालो.

ते खरं होतं. मीही 'घेऊन जा' म्हणालो नव्हतो. पालम येईपर्यंत आई समोरच्या जीपकडेच बघत होती.