प्रल्हादकाकांच्या दुकानातलं इंग्रजी

तीन आठवडे झाले. स्टाफरूममध्ये चाचणीचे पेपर तपासत होते, तेवढ्यात धाकट्या भावाचा फोन. "ताई, प्रल्हादकाका गेले... दुकानातच, खुर्चीवर बसल्या बसल्या." मी उगाच त्याच्यावर खेकसले, "नीट सांग, कोणते प्रल्हादकाका?" जसे काही माझ्या आयुष्यात दहा-बारा प्रल्हादकाका होते!

आमच्या शेजारी राहायचे म्हणून काका. नातं काही नाही. शिक्षण बारावी. जळगाव जामोदच्या बाजारात एका कृषी केंद्रात कामाला होते. मालक दुसरा, पण शेतकरी ते दुकान काकांच्याच नावानं ओळखायचे. कीटकनाशकाच्या खोक्यात घडी घातलेला कागद असतो ना, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांचा? माणसं तो आधी फेकतात. काका तो काउंटरवर पसरून वाचत. अडलेला शब्द डिक्शनरीत पाहायचा आणि समोर जे गिऱ्हाईक असेल त्याला समजावून सांगायचा. वर्षानुवर्षं हेच. त्यांना येत नव्हता असा शब्द शोधायला मी पुढे फार खटपट केली आहे.

मी इंग्रजीत एम.ए. झाले, पण घोकून. जाड पुस्तक आणलं होतं, रोज वीस अवघड शब्द पाठ. घरात कोणी हाक मारली तरी राग यायचा. ज्युनिअर कॉलेजवर लागायचं, दुसरं काही दिसत नव्हतं. बाबांनी माझ्या लग्नाची बोलणी वर्षभर थांबवली होती, तेवढीच मुदत हातात. पहिली मुलाखत अकोल्याला झाली. मी असे भारी शब्द फेकले म्हणता! समोरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमचा हा 'रिझिलियन्ट' खेड्यातल्या मुलांना शिकवून दाखवा. आम्हीच मुलं." मी इंग्रजीतला अर्थ धडाधड म्हटला. "म्हणजे काय?" त्यांनी पुन्हा विचारलं. मी तोच इंग्रजी अर्थ पुन्हा, आणखी मोठ्यानं म्हटला. परतताना एसटीत तोंडाला ओढणी लावून रडले.

काकांना सांगितलं, तर ते चक्क हसले. असा संताप आला... "हसता काऊन, काका? इथं माहा जीव चालला!"

"अवं, एवढे शब्द पाठ केले, एखादा कोणाले देल्ला का? उद्यापासून दुकानात ये. दिवसाले एकच शब्द आण. गिऱ्हाइकाले आपल्या बोलीत सांगजो. त्यानं त्याच्या घरचं उदाहरण देल्लं, तं शब्द तुहा. नाही देल्लं, तं उद्या पुन्हा तोच."

पहिल्या दिवशी लाजेनं मरायची वेळ आली. शब्द होता 'रिलक्टंट'. फवारणीचा पंप दुरुस्तीला आणलेल्या सीतारामबुवांना मी अडखळत सांगितलं, की करायचं तर आहे, पण मन मागं ओढते. "हाव, म्हणजे आमचा जावई!" बुवा म्हणाले. "सासरवाडीले येते, पण पाय काही उंबरा ओलांडत नाही." सगळं दुकान खो खो हसलं. 'नॉस्टॅल्जिया' एका म्हातारीनं चटकन उचलला. माहेरच्या गावची पाटी लावलेली एसटी दिसली की चढून बसावं वाटते, ते. 'रिझिलियन्ट' मात्र सुटेना. त्या शब्दाच्या तिसऱ्या दिवशी एक बाबा पिच्छा सुटावा म्हणून "हाव, हाव, समजलं" म्हणत निघाले. मी म्हटलं, झालं एकदाचं! काकांनी मान हलवली. "उदाहरण कुठी आहे?" मी पाय आपटत घरी गेले. चौथ्या दिवशी बियाणं घ्यायला आलेल्या एका मावशी, आपटलं तरी पुन्हा उभं राहणारं माणूस, एवढं ऐकून घेऊन म्हणाल्या, "हे तं माही जाऊच झाली. दोनदा पेरणी मोडली तिची, आता गाणं म्हणत तिसऱ्यांदा पेरून राह्यली." काकांनी पदरच्या पैशानं सगळ्यांना चहा पाजला.

मुदत संपायला महिना उरला असताना दुसरी मुलाखत झाली. तिथं मी एका शब्दासाठी परीक्षकांनाच त्यांच्या घरचं उदाहरण मागितलं. एकानं आपल्या आईची गोष्ट सांगितली, ती चांगली पाच मिनिटं चालली. नोकरी लागली, तीही आपल्याच भागात, संग्रामपूर तालुक्यात. पेढे घेऊन गेले तेव्हा काकांचा पहिला प्रश्न, "शब्द कोणता होता?"

काका समाधानानं जगले आणि कुणाला त्रास न देता गेले. हे मला कळतं. तरी मी रुसलेच होते त्यांच्यावर. भेटायचं ठरवून दोनदा राहून गेलं, याचा राग आणखी कुणावर काढणार?

गेल्या सोमवारी अकरावीच्या वर्गात 'स्क्रुप्युलस' शब्द आला. कोणी पाहत नसलं तरी चोख वागणारं माणूस, असं मी सांगितलं आणि विचारलं, आहे का कुणाच्या पाहण्यात? मागच्या बाकावरची, कधी तोंड न उघडणारी एक मुलगी उठली.

"आहे मॅडम. माह्या बाबानं जळगावच्या दुकानात महागाचं औषध मागतलं, तं तिथल्या काकानं देल्लंच नाही. आतला कागद वाचून म्हणे, हे तुमच्या पिकाचं नाही, गुमान घरी जा."

मला ही गोष्ट माहीत नव्हती. काकांनी कधी सांगितलीच नव्हती...

"नाव काय त्या काकांचं?" कुणीतरी विचारलं.

तिनं सांगितलं. चाळीस पोरांनी माना खाली घातल्या आणि वहीत त्या शब्दासमोर लिहिलं, प्रल्हादकाका.