गोलकीपरचे कांदेपोहे

आमच्या हिचे मामा जिची सांगितलेली किंमत मुकाट्याने देतील, अशी वस्तू अजून जगात तयार व्हायची आहे. बहारीनमध्ये ते एका शिपिंग कंपनीत अकाउंटंट होते आणि ऑफिस सुटले की मुहर्रकच्या गल्ल्यांतून भाव करत हिंडायचे. खजूरवाल्याशी अर्धा तास हुज्जत घालायचे. तो कंटाळून "खलास मामा, ले जाओ" म्हणाला की विजयी मुद्रेने निघायचे आणि सगळा खजूर आमच्या बिल्डिंगमध्ये वाटून टाकायचे. पण एखाद्याने पहिल्याच फटक्यात भाव उतरवला, तर यांचा चेहरा पडे. "माणूस बरा दिसत नाही," म्हणत दुसऱ्या दिवशी त्याच्या तब्येतीची चौकशी करायला जात. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या, तर "तीन दिवसांत बसवा की," असे त्यांनाही सांगून झाले होते. लग्न केले नव्हते. का, म्हणून विचारले तर म्हणत, "मुलीकडच्यांनी माझी पहिलीच अट मान्य केली. मग पुढे बोलायला काही उरलंच नाही."

अशा माणसाला आम्ही आमच्या हॉकी टीमचे मॅनेजर केले. इथे हिवाळ्यात आपल्या लोकांच्या टीम्सची लीग असते. पैसेवाल्या टीम्स चांगले खेळाडू पळवू लागल्या, तेव्हा लीगने नियम केला की सगळ्या खेळाडूंना मिळून ठरावीक रकमेच्या वर एक दिनारही द्यायचा नाही. याला सगळे सॅलरी कॅप म्हणतात. मामांनी हौसेहौसेने पुढचे, गोल मारणारे खेळाडू घेतले आणि हिशोबात पक्का असलेला हा माणूस गोलकीपरलाच विसरला. उरले चाळीस दिनार. आमचा गोलकीपर बावतीस, वसईचा, हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. तो पॅड बांधून उभा राहिला की मागची जाळी दिसत नाही. त्याला अस्कर गावच्या टीमने तिप्पट कबूल केले होते आणि तो गेला असता तर आमचा कारभार आटोपलाच होता.

मामांनी शुक्रवारी सकाळी बुसैतीनला, आमच्या घरी, त्याला बोलावले. ही बैठक त्यांनी चक्क लग्नाच्या बैठकीसारखी मांडली. टेबलावर नारळ, सुपारी, कुंकवाची बोटे उमटवलेला कागद, आणि हिला कांदेपोह्यांची ऑर्डर. बावतीस नाइट शिफ्ट करून आला होता. तो बिचारा नारळाकडे बघतच राहिला.

"मामा, तिकडे तिप्पट देतात," तो म्हणाला.

"तो हुंडा झाला. आपल्यात हुंडा बंद आहे," मामा म्हणाले, "पण मानपानाला कुणी बंदी केलीय? लिही." लिहायला मी होतोच. मॅचच्या दिवशी हॉस्पिटलपासून मैदानापर्यंत गाडी. हिच्या हातचा डबा. महिन्यातून दोनदा बोंबील. बावतीसने चारदा मागितले, मामा एकदावर अडले, दोन्हीकडून आवाज चढले, पोहे दोनदा गरम झाले, तेव्हा कुठे दोनदावर जमले.

पुढे लीगच्या सेक्रेटरींनी विचारलेच, "ये डिब्बा कॅप में नहीं आता?" मामा म्हणाले, "साब, जमाई को खाना खिलाने का हिसाब आप घर में रखते हो क्या?" सेक्रेटरींना तीन जावई होते. त्यांनी सही केली.

त्या बैठकीत उठता उठता बावतीस म्हणाला, "एक राहिलं. मॅचला तुम्ही गोलच्या मागे उभं राहून ओरडायचं. मागे कुणी नसलं की मला एकटं वाटतं." मी मामांकडे पाहिले. मामांनी "लिही" एवढेच म्हटले. त्यांनी घासाघीस न करता मानलेली ती पहिलीच अट.

तीन हिवाळे त्यांनी ती पाळली. घसा बसायचा, पण जागा सोडली नाही. यंदा जूनमध्ये ते रिटायर झाले, व्हिसा संपला आणि ते साताऱ्याला गेले. मैदानावर मला त्यांची फार आठवण येते.

मॅनेजरकी माझ्या गळ्यात पडली. मागच्या शुक्रवारी बावतीस घरी आला. हिने रीतीप्रमाणे टेबलावर नारळ ठेवला होता. अस्करवाले पुन्हा तिप्पट घेऊन उभे होते आणि माझ्याकडे पुन्हा चाळीसच. मी तो जुना कागद काढला आणि त्याला खरे ते सांगितले, की मामांनी गोलमागे उभे राहायची तुझी अट आता आमच्याकडूनच मोडली आहे, तू मोकळा आहेस. तो म्हणाला, "मामांना फोन लावा."

मामांनी स्पीकरवर सगळे ऐकून घेतले. "जाऊ दे त्याला," ते म्हणाले. "शब्द आपण मोडलाय. आता कुठल्या तोंडाने बोलायचं?"

बावतीसने माझ्या हातातून फोन घेतला. "मामा," तो म्हणाला, "थोडी तरी घासाघीस करा ना."

पलीकडून घसा खाकरल्याचा ओळखीचा आवाज आला.

"बोंबील एकदाच मिळतील," मामा म्हणाले.

बावतीसने फोन नारळाला टेकवून ठेवला आणि खुर्ची पुढे ओढली. ही पोहे भिजवायला आत गेली.