डब्यातली पांदण

नाशिक सोडताना माझ्या सॅकमध्ये दोन शर्ट, हवेचा पंप आणि एक वही होती. वहीत चांगल्या माउंटन सायकलची अठरा लक्षणं क्रमांक घालून लिहिली होती. गेली आठ वर्षं मी दर रविवारी गावाबाहेरच्या टेकड्यांवर सायकल दामटतो, पण सायकल या विषयावर माझं कुणी ऐकून घेत नाही. बायको तर विषय निघाला की गॅस बंद आहे का ते बघायला उठते. त्यामुळे सुनंदाताईचा फोन आला, "मिलिंद, मले एक सायकल निवडून दे बाप्पा, तुले समजते त्यातलं," तेव्हा मी तिकीट आधी काढलं आणि रजा नंतर मागितली.

सुनंदाताई माझी आतेबहीण. तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, भीमपूर मंडलात (तिकडे तालुक्याला मंडल म्हणतात) मराठी माध्यमाच्या शाळेत ती शिकवते. वय चोपन्न. आत्या लोकांच्या शेतात निंदणाला जायची. तिची मुलगी शिक्षिका झाली याचं आमच्या घरात अजून कौतुक होतं, आणि ताईला त्याचा अजून संकोच वाटतो.

मनमाड, नांदेड करत गाडी किनवटला आली तेव्हा उजाडलं होतं. पुढे सागाचं जंगल लागलं, मग स्टेशनच्या पाट्यांवर तेलुगूची गोल अक्षरं आली. मला त्यातलं एकही वाचता येईना. आदिलाबादला उतरून भीमपूरची बस धरली आणि दोन्ही बाजूंना पुन्हा माझ्या ओळखीचं जग सुरू झालं. कपाशीला पिवळी फुलं, सोयाबीन गुडघ्याच्या वर, मध्ये तुरीच्या ओळी. पाऊस दोन दिवसांपूर्वी उघडला होता. माझ्या शेजारचे गृहस्थ कंडक्टरशी तेलुगूत, फोनवर हिंदीत आणि मांडीवरच्या कोंबडीशी मराठीत बोलत होते.

ताईच्या घरी जय भीम झाला, पाणी झालं आणि लगेच पाट मांडला. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी (बाजारात हिलाच गोंगुरा म्हणतात), वर कच्च्या तेलाची धार. माझी तिसरी भाकरी चालू असताना ताईने डायरीतून घडी घातलेला एक कागद काढून पुढे ठेवला. सगळा मजकूर तेलुगूत, खाली मराठीत सही.

"हे काय?"

"दरखास्त (अर्ज). सडकेवरच्या शायेत बदली द्या म्हून. सोमवारी ऑफिसात द्याची हाये."

तिची शाळा सडकेपासून साडेचार किलोमीटर आत, एका गुड्यावर (वस्तीवर) आहे. वाट पांदणीची. अकरा वर्षं ती चालत जात होती. आता गुडघे कुरकुरायला लागले, म्हणून मागच्या वर्षी स्कूटी घेऊन पाहिली, तर ती चिखलात घसरून मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, चालणं कमी करा, सायकल चालली तर चालवा. ती निघून गेली तर तिच्या जागी मराठी माध्यमाचं कुणी येईल याची काही खात्री नव्हती.

"सायकल जमली तं हे फाडतो. नाई जमली तं देतो," ती म्हणाली आणि कागद पुन्हा डायरीत ठेवला.

मी हौस म्हणून आलो होतो. त्या कागदाने माझ्या हौसेची एकदम जबाबदारी केली आणि, खरं सांगतो, मी थोडा घाबरलो.

शनिवारी सकाळी तिच्याबरोबर शाळेपर्यंत चालत गेलो. ज्याला आम्ही रविवारचे सायकलवाले ऐटीत ट्रेल म्हणतो, ती म्हणजे पांदणच. दोन शेतांच्या धुऱ्यांमधून (बांधांमधून) जाणारी बैलगाडीची वाट. आधी मुरमाचा चढ, मग एक ओढा, पुढे पळसाच्या झाडीतून दगडगोटे, आणि शेवटचा एक किलोमीटर निव्वळ काळी माती. माझे बूट तिथे दुप्पट आकाराचे झाले. ताईने चपला काढून हातात घेतल्या आणि ती माझ्यापुढे निघून गेली.

काळ्या मातीत बंडी (बैलगाडी) थांबवून एक शेतकरी चाकाचा चिखल काडीने उकरत होते. ताईने ओळख करून दिली, हे देवरावभाऊ.

"पाव्हणे कोण व्हय, टीचरबाई?"

"मामाचा पोरगा व्हय माया. नाशिकहून आला, मले सायकल घेऊन द्याले."

"सायकल? या पांदणीनं?" देवरावभाऊंनी मला बुटांपासून टोपीपर्यंत पाहिलं. "काऊन (का हो) जी, ती खांद्यावर घेऊन जातीन का बाई?"

मी त्यांना रुंद टायरची पकड समजावून सांगितली. पुढची स्प्रिंग समजावली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, बायकोपेक्षा नक्कीच जास्त.

"ते ठीक हाये. पर बंडीचं चाक दोन्हीकून मोकयं असते. चिखल लागते अन् पडून जाते. सायकलच्या चाकाले दोन्हीकून दांडे. चिखल जाईन कुठं?"

मी वहीतली अठरा लक्षणं मनात चाळली, चिखलाचं एकही निघालं नाही. मी हसून वेळ मारून नेली. ताई मात्र हसली नाही. ती बंडीच्या चाकाकडे बघत राहिली.

शाळेत पोरांनी मला नाशिकहून इथे यायला किती नद्या लागतात ते विचारलं. मी दोन सांगितल्या. एका मुलीने गोदावरी धरून चार काढून दिल्या. ताई फळ्यापाशी उभी राहून गालातल्या गालात हसत होती आणि मला वाटलं, ही बाई सडकेवरच्या शाळेत अशी दिसणार नाही.

रविवारी सकाळी आदिलाबादला जायला बसमध्ये बसलो. ताईच्या पिशवीत एकसारखे दोन स्टीलचे डबे होते. अर्ध्या वाटेत मला भूक लागली. ताई खिडकीशी पेंगत होती, म्हणून तिला न उठवता मी वरचा डबा उघडला. आत गच्च भरलेला काळा चिखल.

"अरे, तो नाई! तो नमुना हाये," ताई दचकून म्हणाली. "पांदणीतला. खालचा उघड."

"दुकानात चिखल नेतेस?"

"काऊन? पांदण तं दुकानात येत नाई. मी इज्ञान शिकवतो, बापू. प्रयोग केल्याबिगर कसं ठरवाचं?"

दुकान चकचकीत होतं. दुकानदाराने आधी ताईला पुढे टोपली असलेली लेडीज सायकल दाखवली, मग माझा चेहरा पाहून पुढे-मागे दोन्हीकडे स्प्रिंग असलेली. इथे माझी वही उपयोगी पडली. या किमतीतली मागची स्प्रिंग म्हणजे नुसतं वजन; पायाचा जोर तीच गिळते आणि तिच्यावर पुस्तकांचं कॅरिअरही बसत नाही. मी हार्डटेल मागितली (पुढे स्प्रिंग, मागचा सांगाडा ताठ). तशा दोन निघाल्या. एक लालभडक, मांडीएवढे टायर, तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक, अठरापैकी सतरा लक्षणं. दुसरी राखाडी, टायर जरा अरुंद, डिस्क ब्रेक पण साध्या तारेचे. तिला मी तेरा गुण दिले. किमतीत फारसा फरक नव्हता.

"लाल," मी निकाल दिला.

ताईने डब्याचं झाकण काढलं. दुकानदार मागे सरकला. "इदि एमिटि, मॅडम?" (हे काय?)

"बुरद," ताई म्हणाली. (चिखल.)

"मॅडम, ये शोरूम है, खेत नहीं!"

त्यावर ताई तेलुगूत काहीतरी बोलली. दुकानदार खो खो हसला आणि स्वतःच जुनी वर्तमानपत्रं आणून फरशीवर अंथरू लागला. ती काय म्हणाली ते मला नंतर कळलं: 'तुमचं गिऱ्हाईक शेतातच राहतं.'

ताईने दोन्ही सायकलींच्या मागच्या चाकांना बोटभर जाडीचा चिखल थापला, पोळा जवळ आल्यावर पोरं मातीचे बैल करतात तितकं मन लावून. मग लाल सायकलचं चाक फिरवलं. दोन फेऱ्यांत चिखल टायर आणि दांड्यांच्या फटीत दाटला आणि चाक थांबलं. माझ्या सतरा लक्षणांसकट थांबलं. राखाडीचं फिरवलं. वरचा थर खरवडला जाऊन वर्तमानपत्रावर पडला आणि चाक फिरत राहिलं. ताईने टायर आणि दांड्याच्या मधल्या फटीत बोटं घातली. तीन बसली. लालमध्ये एकच बसलं.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? आठ वर्षांची विद्या एका डबाभर मातीने खोडली होती. पण सांगाड्याची उंची माझ्या सांगण्यावरून घेतली, सीट मी बसवली, पुढे एकच दातेरी चक्र असलेली निवड हेही माझंच म्हणणं खरं ठरलं. तेवढ्यावर मी माझं समाधान करून घेतलं.

सायकल टेम्पोत घालून संध्याकाळी पांदणीवर आणली. ताई वीस वर्षांनी सायकलवर बसत होती. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला गाठ मारलेली. गिअर कधी बदलायचा ते मी सांगितलं. ते तिने दोनदा म्हणून दाखवलं आणि मुरमाच्या चढावर तिसराच बदलला. ओढ्यात थांबली, उतरली, पलीकडे पुन्हा बसली. पळसाच्या झाडीत दगडांवरून पुढची स्प्रिंग खालीवर होत होती आणि मी धापा टाकत मागे धावत होतो. काळ्या मातीत सायकल मंदावली. चाकांवरून चिखलाचे गोळे सुटून माझ्या शर्टावर येऊ लागले. असे गोळे अंगावर झेलून इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

शेवटच्या वळणाआधी ती कलंडली. मी धावत पोचलो तर चिखलात बसून हसत होती. धुऱ्यावरून देवरावभाऊंनी हाक मारली, "लागलं काय जी, बाई?"

"नाई भाऊ! चाक फिरून राह्यलं!"

"फारच पाऊस असला की पायीच जा," मी तिला बजावलं. तिने मान डोलावली, पण कागदाविषयी विचारायचा मला धीर झाला नाही. शेवटी ती पडली होतीच. रात्री डायरी टेबलावरच होती.

सोमवारी सकाळी माझी बस आणि तिची शाळा एकाच वेळी. तिने माझ्या हातात डबा दिला, सायकल काढली आणि ती पांदणीकडे वळली. मंडलाचं ऑफिस उलट्या दिशेला होतं. पण ऑफिस उघडायला अजून वेळ होता, त्यामुळे त्यावरून काहीच ठरत नव्हतं.

किनवट गेल्यावर मी डबा उघडला. झाकण जपूनच काढलं. आत दोन भाकरी, मिरचीचा ठेचा, कांदा. भाकरी एका कागदात गुंडाळल्या होत्या. कागदावर तेलुगूची गोल अक्षरं होती, आणि ठेच्याचं तेल झिरपलेल्या कोपऱ्यात मराठीत सही होती: सुनंदा.

अक्षर न् अक्षर परकं असलेला तो कागद मला पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचता आला. मी भाकरी खाल्ली, डोळे पुसले आणि समोरच्या प्रवाशाला ठेचा फार तिखट आहे असं सांगितलं.

घरी आल्यावर वहीत एकोणिसावं लक्षण लिहिलं: तीन बोटं. मग विचार करून त्याला पहिला क्रमांक दिला. तेलाचा तो कागद त्याच पानात ठेवला आहे, आणि आता वहीला भाकरीचा, ठेच्याचा आणि थोडा पांदणीचाही वास येतो.