दुसरं दार

दाराखिडकीचं माप टाकायच्या आधी मिस्त्री जमिनीवर बसायचा. मांडी घालून, पोरासारखा. "उभ्यानं माप घेतलं की शाळा मास्तरच्या मापाची होते," म्हणायचा. "बसून बघा."

माझं घर त्यानंच बांधलेलं. दगडमातीचं, एकच दार. भूकंपात त्या दारापुढं भिंत पडली आणि माझी बायको आतच गेली. तेव्हापासून मला त्याचं डोकं फोडायचं होतं. तुमच्याशी खोटं कशाला बोलू? औशाकडं नवी शाळा बांधायला तो आला, तेव्हा मी त्याच्या हाताखाली लागलो ते त्यासाठीच.

तोवर शाळा पत्र्याच्या शेडात भरायची. पोरं आत बसतच नव्हती. सगळी दाराशी गोळा, एक पाय बाहेर. मास्तर छडीनं आत हाकलायचा. मिस्त्री दिवसभर त्या पोरांत बसून राहिला. मग मला म्हणाला, "दोस्त, पळायची वाट दिसली की लेकरू निवांत बसतंय. हर खोलीला दोन दारं. खिडकी लेकराच्या डोळ्यापाशी."

मी पहार घेऊन मागंच उभा. त्यानं वळून बघितलं. "मारायचं तर मार. पर दुसरी चौकट बसल्यावर."

चौकट बसली. पहार उचलली नाही. माझं घर बांधताना चोराच्या भ्यानं "दार एकच ठेव" असं त्याला मीच सांगितलं होतं. ते त्यानं मरेस्तोवर तोंडातून काढलं नाही.

पुढं लातूरच्या क्लासचं वारं आमच्याकडंबी आलं. संस्थेच्या मालकानं त्याच खोल्यांत क्लास काढला. पोरं बाहेर बघतात म्हणून दुसरी दारं विटांनी बुजवली. मिस्त्री काठी टेकत गेला. "साहेब, एकदा बसून बघा."

मालक हसला. "मिस्त्री, इथं डॉक्टर घडवायलोत आम्ही. घरी जाऊन झोपा." शिपायानं दंडाला धरून त्याला फाटकाबाहेर सोडलं. त्यानंतर मिस्त्रीनं माप टाकलं नाही.

त्याच्या कबरीवर माती लोटली आणि तीच पहार घेऊन मी शाळेत गेलो. मधली सुट्टी होती, पोरं मैदानात. एकेक वीट निघत होती तसं मला लई बरं वाटत होतं. मालक धावत आला. "ए म्हाताऱ्या! कुणाला इचारून?"

"बसा, साहेब."

पहार माझ्या हातातच होती. बसला. विटांच्या चुऱ्यात, पांढऱ्या कपड्यांनिशी.

घंटा झाली. पोरं त्याला वळसा घालून आत आली. एका पोरीनं दप्तर त्या भगदाडापाशी ओढलं, बसली आणि एक पाय बाहेर टाकला.