वटवाघळांना वाट करून देणारे भावजी

माझ्या धाकट्या दिराचा धंदा सांगताना मला आधी लाज वाटायची. नवरा इंजिनियर, नणंद शिक्षिका, आणि भावजी? लोकांच्या घरांत शिरलेली वटवाघळं बाहेर काढतात. मारत नाहीत, पकडतही नाहीत. ज्या फटीतून ती ये-जा करतात, तिच्यावर वरून जाळी सोडतात. संध्याकाळी वटवाघूळ जाळीखालून सरपटत बाहेर पडतं, पण परत आल्यावर त्याला आत शिरता येत नाही. चार-पाच दिवसांत घर रिकामं झालं की फट बुजवायची. मात्र पिल्लं उडायला लागेपर्यंत जाळी लावायची नाही, मग घरमालक डोक्यावर नाचो.

पूर्वी ते गवंडी होते. मुकादमाच्या सांगण्यावरून त्यांनी एका छपराची भोकं लिंपली आणि आत पिल्लं राहिली. दोन दिवस छपरातून आवाज येत होता, तिसऱ्या दिवशी थांबला. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, भांडी विसळताना, माझ्याकडे न बघता.

मागच्या वर्षी आमच्याच पोटमाळ्यावर वटवाघळं निघाली. रोज लेंड्या झाडून मी मेटाकुटीला आले.

"वहिनी, तीन आठवडे थांबा. बाळं लहान आहेत," भावजी म्हणाले.

"मी काय त्यांची आजी लागते?" मी फणकारले, पण थांबले. तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी त्यांनी अंगणात उभं राहून बाहेर पडणारी वटवाघळं मोजली. चौतीस. पिल्लंही उडत होती. उद्या जाळी लावतो म्हणाले.

आमच्या ह्यांना कुठला धीर! त्यात धाकट्या भावाकडून काही शिकायचं म्हणजे कमीपणा. दुसऱ्या दिवशी भर दुपारी फटी बुजवायच्या, फुगून कडक होणाऱ्या फेसाचा डबा घेऊन शिडीवर चढले आणि फट गच्च भरून टाकली. "दिवसा झोपलेली असतात, अंगावर येत नाहीत. झालं काम!" असं म्हणत हात झटकत खाली आले.

"अहो, पण मग ती आतच आहेत ना?"

ह्यांचा चेहरा खाडकन उतरला. एवढा शिकलेला माणूस, पण भोक दिसलं, आतले जीव दिसले नाहीत. मी भावजींना फोन लावला.

ते आले आणि थेट शिडीवर चढले. फेस दगडासारखा कडक झाला होता. फळीला कान लावून ते सुरीने चिमूट चिमूट कापत राहिले. मी खाली शिडी धरून उभी.

"काही ऐकू येतंय का रे?" ह्यांनी चारदा विचारलं.

"गप्प बस, दादा!" मोठ्या भावाला उलट बोललेले भावजी मी पहिल्यांदाच पाहिले.

अंधारू लागलं तशी फट मोकळी झाली. एक बाहेर पडलं. मग दोन, मग भराभर. भावजी मोठ्याने मोजत होते आणि मी रडत रडत हसत होते. तेहेतीसवर मोजणी थांबली.

भावजींनी हातमोजा घालून आत चाचपलं. एक पिल्लू फेसाशेजारी निपचित पडलेलं. त्यांनी ते फडकं घातलेल्या बुटांच्या खोक्यात ठेवलं, थेंब थेंब पाणी पाजलं. पाऊण तासाने ते हललं.

"जमिनीवरून ह्याला झेप घेता येत नाही. उंच धर," म्हणत त्यांनी खोकं ह्यांच्या हातात दिलं.

हे स्टुलावर चढले आणि दोन्ही हात वर करून उभे राहिले. दहा मिनिटं गेली, वीस गेली. हात खाली येऊ लागले की हे पुन्हा वर नेत.

"दे दादा, मी धरतो."

"राहू दे. माझ्यामुळेच झालंय हे."

पिल्लू खोक्याच्या काठावर आलं, खाली झेपावलं, आता आपटणार असं वाटलं आणि वर उचललं गेलं. कुंपणापलीकडे दिसेनासं झालं.

हे खोकं तसंच धरून उभे. भावजींनी ते काढून घेतलं. "गेलं, दादा. सगळी जिवंत गेली," म्हणाले, आणि शिडीच्या पायरीवर बसून लहान मुलासारखे रडू लागले. हे शेजारी बसले, त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मीही त्यांना गप्प केलं नाही. गवंडी असताना भोकं लिंपली त्या घरापासूनचं रडू होतं ते, एकदाचं बाहेर पडलं.